लाईट गेल्यावर आणि आल्यावर

लाईट जाऊन दोन मिनिटांत परत येते, तेव्हा घरातल्या वस्तू काय करतात याकडे एकदा नीट लक्ष देऊन पाहावे. रिमोटचा पंखा आधीच्याच वेगाने फिरू लागतो. फ्रीजचा स्टॅबिलायझर दोन-तीन मिनिटे फ्रीजला वीज देत नाही. वॉशिंग मशीन मघाशी ज्या टप्प्यावर थांबले होते, तिथूनच पुढे धुऊ लागते. राउटरला पुन्हा जागेवर यायला बराच वेळ लागतो, आणि मोबाईलवरून रंग बदलणारा नवा दिवा मात्र मध्यरात्री कोणीही न सांगता पूर्ण पांढऱ्या उजेडात लागतो व शेजारी झोपलेले लेकरू दचकून उठते. यांतली एकही गोष्ट आपोआप घडत नाही. या प्रत्येक वस्तूच्या पोटात एक लहानसा संगणक आहे, आणि वीज परत आल्यावर त्याने काय करायचे हे कोणीतरी, कुठेतरी बसून, फार आधी ठरवून ठेवलेले आहे.

तसे ठरवून ठेवणे हेच माझे काम आहे. मी पुण्यात अशा उपकरणांसाठी फर्मवेअर, म्हणजे त्यांच्या पोटातल्या संगणकाची आज्ञावली, लिहिते. माहेर चोपडा तालुक्यात, तापीच्या खोऱ्यात. वस्तू 'स्मार्ट' आहे की नाही हे दुकानातल्या झगमगाटात कळत नाही, ते लाईट जाताना आणि येताना कळते, असे माझे पक्के मत झाले आहे. आणि हे मत पुण्याच्या प्रयोगशाळेत नव्हे, तर आमच्या शेतातल्या मोटरच्या पेटीपाशी तयार झाले आहे.

या लहान संगणकाला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. गणित करणारा भाग, स्मरणशक्ती आणि बाहेरच्या तारांशी बोलणारे पाय हे सगळे एकाच चिपवर आणण्याचे काम 1971 च्या सुमारास टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये गॅरी बून आणि मायकेल कॉक्रन यांनी केले; 1974 मध्ये त्यांची टीएमएस 1000 ही चिप बाजारात आली. इंटेलची 8051 ही चिप 1980 ची. आपल्याकडे पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या कोणालाही हा आकडा सांगितला की प्रयोगवही आठवते. या 8051 मध्ये आज्ञावली ठेवायला 4 किलोबाईट आणि चालू कामासाठी फक्त 128 बाईट इतकी जागा होती. देवनागरीचे एक चिन्ह संगणकात साधारणपणे 3 बाईट घेते, म्हणजे त्या जागेत मराठीतली 42 चिन्हेच मावली असती. एवढ्या जागेत त्या पिढीच्या अभियंत्यांनी घड्याळे, वजनकाटे आणि गिरण्यांची नियंत्रणे बसवली. आज त्याच किमतीत शेकडो पट जागा मिळते, पण कामाचे स्वरूप बदललेले नाही: एकच काम, वेळच्या वेळी, वर्षानुवर्षे, कोणी पाहत नसतानाही.

वॉशिंग मशीनला कुठे थांबलो होतो ते कसे आठवते, हे मला आजही सुंदर वाटते, म्हणून थोडे सविस्तर सांगते. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तने करते आणि प्रत्येक आवर्तनात दोनदा शून्यावर येते, म्हणजे दर 10 मिलिसेकंदांनी एकदा. मायक्रोकंट्रोलरचा एक पाय या शून्यावर सतत नजर ठेवून असतो. दोन-तीन वेळा ठरल्या क्षणी शून्य आले नाही, की लाईट गेली हे त्याला कळते. आपल्या डोळ्यांना दिवा विझलेला दिसण्याच्या आधी कळते. पॉवर सप्लायमधल्या कपॅसिटरमध्ये साठलेल्या विजेवर तो आणखी काही क्षण जिवंत राहू शकतो. त्या उसन्या क्षणांत मोटर आणि झडपा बंद करायच्या आणि धुण्याचा टप्पा, उरलेली मिनिटे, पाण्याची पातळी एवढेच आकडे वीज नसतानाही टिकणाऱ्या स्मृतीत लिहून ठेवायचे. एक आकडा लिहायला साडेतीन मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो, त्यामुळे जे अगदी आवश्यक आहे तेवढेच लिहिता येते. मग आधीपासूनच दर सेकंदाला का लिहून ठेवू नये? कारण या स्मृतीतली एक जागा साधारण 1 लाख वेळा लिहिण्याच्या हमीची असते, आणि दर सेकंदाला त्याच जागी लिहीत बसले तर ती हमी 28 तासांत संपते. काटकसर कशाची करायची आणि कशाची नाही, हे ठरवण्यातच या कामाचे सगळे शहाणपण आहे. स्टॅबिलायझरची दोन-तीन मिनिटेही अशीच विचारपूर्वक ठेवलेली असतात: कॉम्प्रेसर बंद झाल्यावर त्याच्या दोन बाजूंचा दाब सारखा व्हायला वेळ लागतो, आणि तो होण्याआधी त्याला पुन्हा सुरू केले तर तो अडकतो, तापतो आणि अखेरीस जळतो.

आता शेतातल्या पेटीकडे येते.

खानदेशात शेतीची थ्री फेज लाईट पाळीने येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. माझ्या लहानपणी रात्रपाळी असली की नाना अंगणात खाटेवर पडत, पण झोपत नसत. गावात कोणीतरी "लाईट उनी रे भो" अशी हाळी देई आणि बॅटरी, काठी घेऊन माणसे केळीच्या बागांकडे निघत. सातपुड्याच्या पायथ्याला बिबट्याची भीती, बांधावर सापाची. मोटर सुरू करून, पाणी कुठल्या पाटात जाते ते पाहून परत यावे, तर मध्येच लाईट गेलेली असे. ठिबक आले तेव्हा पाट गेले, पाणी वाचले, पण रात्रीची फेरी तशीच राहिली.

मग पेटीत 'ऑटो' आला. लाईट आली की तो स्टार्टरचे हिरवे बटण दाबल्यासारखे करतो, एवढेच त्याचे काम. पण एवढ्याशा कामातही किती विचार लागतो पाहा. तीनपैकी एक फेज आली नसेल, तर मोटर उरलेल्या दोन फेजांवर जादा वीज ओढते आणि थोड्याच वेळात तिचे वायंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, जळते. तेव्हा आधी तिन्ही फेज आहेत का आणि सारख्या दाबाने आहेत का, ते तपासायला हवे. विहिरीत पाणी नसेल तर मोटर कोरडी फिरते. अशा वेळी ती नेहमीपेक्षा कमी वीज ओढते, म्हणून तारेभोवती बसवलेल्या छोट्या कॉइलने प्रवाह मोजायचा, तो ठरल्या आकड्याखाली गेला की मोटर थांबवायची आणि झरे भरायला वेळ देऊन पुन्हा प्रयत्न करायचा. यावल-रावेरकडे बोअर इतक्या खोल गेल्या आहेत, की जळालेली मोटर वर काढायचाच खर्च शेतकऱ्याला जड जातो. त्या पट्ट्यात ही कोरड्या मोटरची राखण म्हणजे वर्षाच्या हिशेबातली मोठी रक्कम आहे.

आणि तरीही या ऑटोने एक नवे संकट आणले. मोटर सुरू होताना नेहमीच्या सहापट वगैरे वीज ओढते. एका डीपीवर, म्हणजे शेतांना वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, वीस-पंचवीस मोटरी असतील आणि सगळ्यांचे ऑटो लाईट येताच एकाच क्षणी बटण दाबत असतील, तर त्या डीपीचे काय होणार? फ्यूज उडतात, कधी डीपीच जळते आणि ऐन वैशाखात केळीला आठ-आठ दिवस पाणी मिळत नाही. वीज कंपनी ऑटो काढून टाका, कपॅसिटर बसवा असे आवाहन करते ते याच कारणाने. प्रत्येकाचे उपकरण आपल्यापुरते अगदी बरोबर वागत होते. चूक होती ती सगळ्यांनी एकाच वेळी बरोबर वागण्यात.

आमच्या डीपीवरच्या शेतकऱ्यांनी यावर जो तोडगा काढला, तो मी माझ्या कामाच्या ठिकाणी नव्या मुलामुलींना आवर्जून सांगते. ऑटोवर लाईट आल्यानंतर किती वेळ थांबायचे ते ठरवणारा एक लहान स्क्रू असतो. पारावर बसून सगळ्यांनी आपसांत वेळा वाटून घेतल्या: डीपीजवळच्याने इतके सेकंद थांबायचे, त्याच्या पुढच्याने त्याहून थोडे जास्त, शेवटच्याने सगळ्यांत जास्त. नानांच्या पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लाल ऑइलपेंटने '80' असा आकडा लिहिलेला आहे, आणि शेजारच्या जिभाऊंच्या पेटीत '90'. ज्या इथरनेटवर जगभरातली कार्यालये जोडली गेली, त्याच्या मुळाशी 1973 पासून हाच विचार होता: दोघे एकाच वेळी बोलले, तर दोघांनीही थांबावे, वेगवेगळा वेळ थांबावे आणि मग पुन्हा बोलावे. पारावरच्या मंडळींना इथरनेट ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांना डीपी ठाऊक होती. आज असा वेगवेगळा विलंब चिपला स्वतःच निवडता येतो, त्यासाठी आज्ञावलीच्या चार ओळी पुरतात. त्या चार ओळी प्रत्येक ऑटोमध्ये सक्तीने असाव्यात, असे मला फार वाटते.

ऑटोनंतर मोबाईल स्टार्टर आला. पेटीत सिमकार्ड, नोंदवलेल्या नंबरावरूनच फोन केला तर तो उचलला जातो, एक दाबले की मोटर चालू, दोन दाबले की बंद, आणि थ्री फेज आली की घरी मेसेज येतो. नाना आता ओट्यावरून मोटर चालू करतात आणि पलीकडून मराठीत "मोटर चालू झाली आहे" असे ऐकू आले की समाधानाने मान हलवतात. पण या पेटीतली मला सगळ्यांत मोलाची वाटणारी गोष्ट सिमकार्ड नाही. आत 'ऑटो' आणि 'मॅन्युअल' असा एक साधा खटका आहे. आतले इलेक्ट्रॉनिक सर्किटचे कार्ड बिघडले, रेंज गेली, रिचार्ज संपला, तरी खटका फिरवावा आणि हिरवे बटण हाताने दाबावे, मोटर चालते. केळीला पाणी द्यायचे असेल तर कोणाच्याही परवानगीची वाट पाहावी लागत नाही.

घरासाठीची स्मार्ट उपकरणे मी जेव्हा पाहते, तेव्हा त्यांच्यात हाच खटका शोधते, आणि बहुतेक वेळा तो सापडत नाही. स्मार्ट बल्बचेच घ्या. भिंतीवरचे बटण कायम चालू ठेवावे, बंद करायचे ते मोबाईलवरून, अशी त्याची अपेक्षा असते. आपल्या घरांत निघता निघता बोर्डावरचे बटण बंद करणे ही पिढ्यान्‌पिढ्यांची शिस्त आहे. पाहुणे आले तरी ते पाळतात. त्या शिस्तीला विसरायला लावणारी वस्तू घरात टिकत नाही. त्यापेक्षा बोर्डाच्या मागे, जुन्या बटणाच्या पाठीला बसणारे काडेपेटीएवढे मॉड्यूल मला कितीतरी शहाणे वाटते. त्यात बटणाच्या दोन तारा जोडल्या, की बटण बटणासारखेच चालते आणि मोबाईलवरूनही दिवा लागतो. याला न्यूट्रल तार लागते. आपल्याकडे बोर्डावर बहुधा प्लगही असल्यामुळे ती तिथेच मिळते. 2014 च्या सुमारास ईएसपी 8266 ही वायफाय असलेली स्वस्त चिप आल्यापासून अशी मॉड्यूल सामान्यांच्या आवाक्यात आली. आईच्या गुडघ्यांमुळे तिला रात्री उठून बोर्डापर्यंत जाणे कठीण झाले, तेव्हा मी माहेरच्या घरात ती बसवली. लाईट परत आल्यावर दिवा बंदच राहावा, हे मी पहिल्यांदा निवडून दिले. बहुतेक उपकरणांत ही निवड सेटिंग्जच्या तळाशी दडवलेली असते, ती शोधून बदलावी.

आईचा दुसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. तिला काचेवरची स्पर्शाची बटणे नकोत. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) पिठाने भरलेल्या किंवा ओल्या बोटाचा स्पर्श त्या काचेला नीट कळत नाही, आणि नजर कमी झालेल्या माणसाला गुळगुळीत काचेवर चाचपून काहीच हाताला लागत नाही. फिरवायच्या गोल बटणाचा कट् असा आवाज आणि बोटाला बसणारा लहानसा धक्का हीसुद्धा माहितीच आहे. ती वगळून उपकरण आधुनिक दिसते खरे, पण वापरणाऱ्याच्या हाताला ते मुके होते.

दूरच्या सर्व्हरवर अवलंबून असलेल्या वस्तूंबद्दल फार लिहीत नाही. रिव्हॉल्व्ह नावाचे घरातली उपकरणे एकत्र चालवणारे यंत्र होते. ते बनवणारी कंपनी नेस्ट या दुसऱ्या कंपनीने विकत घेतली आणि मे 2016 मध्ये त्याची सेवा बंद केली, तेव्हा लोकांनी पैसे देऊन घेतलेली चांगली यंत्रे एका दिवसात निकामी झाली. त्याच वर्षी मिराई नावाच्या विषाणूने कारखान्यात दिलेले पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले, आणि 21 ऑक्टोबरला त्यांच्या जोरावर अमेरिकेतल्या अनेक मोठ्या संकेतस्थळांचा मार्ग काही तास अडवला. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना त्याचा पत्ताही नव्हता. 2022 मध्ये आलेल्या मॅटर या मानकात उपकरणांनी घरातल्या घरात, बाहेरच्या इंटरनेटशिवाय एकमेकांशी बोलावे अशी सोय आहे. ती दिशा मला बरोबर वाटते. दिवाणखान्यातला दिवा लावायला समुद्रापलीकडच्या यंत्राला विचारावे लागू नये.

एका पेटीबद्दल मात्र थांबून लिहायला हवे, कारण तिच्यावर आमच्याकडच्या हजारो घरांचे वर्ष अवलंबून असते, आणि ती कोणाच्याच घरात नाही. महसूल मंडळात उभे असलेले स्वयंचलित हवामान केंद्र ही ती पेटी. थंडीत पारा उतरला की केळीची वाढ थांबते, निसवण, म्हणजे घड बाहेर पडणे, लांबते. मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे गेला आणि गरम वारे सुटले की पाने करपतात, घड सटकतात. हवामानावर आधारित फळपीक विम्यात तापमानाची भरपाई त्या केंद्राने नोंदवलेल्या आकड्यांवर ठरते. ठरलेल्या अंशांच्या अलीकडे की पलीकडे आणि सलग किती दिवस, एवढाच प्रश्न असतो, म्हणून एका अंशाच्या भागालाही इथे रुपयांत किंमत आहे. तापमापक जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, पांढऱ्या चकत्यांच्या सावलीत, मोकळ्या जागी हवा. शेजारी पत्र्याचे छप्पर किंवा सिमेंटचा ओटा असला तर आकडा चढतो, आणि ओली केळीची बाग असली तर उतरतो. सौर पट्टीवर धूळ बसली, बॅटरी उतरली, सिमला रेंज नाही, अशा रात्री त्या केंद्रातल्या मायक्रोकंट्रोलरने काय करावे? त्याने मोजलेले आकडे स्वतःजवळ जपून ठेवावेत आणि रेंज आल्यावर वेळेसह पाठवावेत. मोजताच आले नसेल, तर "नोंद नाही" असे स्पष्ट लिहावे. आजूबाजूचे पाहून अंदाजाने जागा भरू नये. हे आज्ञावली लिहिणाऱ्याच्या हातात असते, आणि ती लिहिणाऱ्याने कधीतरी निसवायला आलेल्या केळीच्या बागेत जानेवारीची एक पहाट काढलेली असावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. केंद्राचे ताजे आकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत दिसले, तर शेतकरी ते आपल्या बागेतल्या तापमापकाशी ताडून पाहू शकेल. त्यासाठी लागणारा फलक आमच्या क्षेत्रातले कोणीही सहज बनवून देईल.

खानदेशचे ऊन इलेक्ट्रॉनिक्सलाही सोसत नाही. पॉवर सप्लायमधल्या कपॅसिटरच्या बाबतीत ढोबळ नियम असा, की तापमान 10 अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते. मेच्या दुपारी शेतातल्या पत्र्याच्या पेटीला हात लावून पाहिला की हा नियम वेगळा शिकवावा लागत नाही. म्हणून उन्हाळा सरता सरता चोपड्यातल्या वायंडिंगच्या दुकानात स्टार्टरच्या कार्डांचा ढीग लागतो. तिथल्या मिस्तरींशेजारी बसून मी पुष्कळ शिकले. फुगलेला कपॅसिटर ते नुसत्या बोटाने ओळखतात. रिलेच्या, म्हणजे विजेने उघडझाप होणाऱ्या खटक्याच्या, दोन टोकांमध्ये चिरडलेल्या मुंग्या, कार्डावर आडवी पडून दोन फेज जोडणारी पाल, हे त्यांच्या रोजच्या पाहण्यातले. आमच्या चाचणीच्या यादीत उष्णता, ओलावा, धक्के सगळे असते, पाल नसते. वॉशिंग मशीनचे कार्ड आले की मात्र त्यांचे हात थांबतात. ओल लागू नये म्हणून त्यावर राळेचा जाड थर ओतलेला असतो. तो ओलीपासून वाचवतो हे खरे, पण दहा रुपयांच्या भागासाठी हजारोंचे कार्ड बदलायला लावतो, हेही तितकेच खरे. 2022 च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी जे पोर्टल सुरू केले, त्यात शेतीची अवजारे आणि घरगुती उपकरणे दोन्ही घेतली आहेत. कंपन्यांनी माहितीपत्रके आणि सुट्या भागांची माहिती तिथे द्यावी अशी अपेक्षा आहे. मिस्तरी अजून तरी स्वतःच्या वहीवर चालतात. उघडलेल्या प्रत्येक कार्डाचे सर्किट त्यांनी तिच्यात निळ्या पेनाने काढून ठेवले आहे, आणि आयटीआयची मुले त्या पानांचे फोटो काढून नेतात.

आमच्या कंपनीत सध्या पंपाच्या एका नव्या कंट्रोलरचे काम चालू आहे. त्याच्या झाकणाच्या आत जोडणीची आकृती, भागांची मूल्ये आणि बिघाड झाल्यास हाताने चालवण्याची कृती मराठीत द्यावी, ही मागणी मी लावून धरली आणि ती मान्य झाली. कच्चा कागद घेऊन मी मिस्तरींकडे गेले. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, एका ठिकाणी 'विलगक' शब्द होता तिथे 'रिले' लिहायला सांगितले, आणि म्हणाले, "ताई, कागद चिटकवू नका. त्याच्यामागं पाल अंडी घालते. अक्षरं पत्र्यावरच छापून घ्या, आन् थोडी मोठी." दोन्ही सुधारणा करून घेतल्या आहेत.